पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि घरचा विंड टनेल: पुढचा टप्पा

विंड टनेल, म्हणजे मॉडेल गाडीवर वारा सोडून तिला हवेचा किती रोध होतो ते मोजायचा बोगदा, आता एकदाचा नीट वाहतोय. लोहार चाळीतला एक्झॉस्ट फॅन मागून हवा ओढतो, तोंडाशी लावलेली स्ट्रॉची जाळी तिला सरळ करते. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी, म्हणून कागदी लावल्या. आपल्या दमट हवेत त्या मऊ पडतात, तेव्हा वॉर्निशचा हात द्यावाच लागतो. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला लोड सेल (जोर मोजणारा सेन्सर) गाडीच्या खाली बसवलाय. टनेलचं पोट 45 बाय 45 सेंमी आहे. 1:18 ची, म्हणजे खरीच्या अठराव्या हिश्श्याची, मॉडेल अ‍ॅम्बेसेडर त्यातला साडेतीन टक्क्यांहून कमी भाग अडवते, त्यामुळे भिंतींचा फारसा त्रास नाही.

मात्र माझ्याकडून सीडीचा (आकारामुळे हवेचा रोध किती, ते सांगणारा गुणांक; जितका कमी तितका बरा) आकडा कुणी मागू नका. ताशी 80 किमीने धावणाऱ्या खऱ्या गाडीशी रेनॉल्ड्स संख्या (वेग आणि आकार मिळून हवा कशी वाहेल ते ठरवणारा आकडा) जुळवायची तर या मॉडेलवर ताशी 1440 किमीचा वारा सोडावा लागेल, म्हणजे आवाजाच्याही पुढे! कुठली गाडी कुठलीपेक्षा बरी, एवढंच इथे कळतं. बड्यांचीही मॉडेलने फसगत केलीय. टाट्रा 87 या जुन्या झेक गाडीच्या 1:5 मॉडेलचा सीडी 0.244 भरला होता. 1979 मध्ये फोक्सवॅगनच्या टनेलमध्ये खरी गाडी उभी केली तेव्हा 0.36 निघाला. मॉडेलला दारांच्या फटी नसतात, इंजिन गार ठेवायला हवा आत घ्यावी लागत नाही, पोटही गुळगुळीत असतं. उलट 1921 ची जर्मन गाडी रुम्प्लर, दिसायला उभट होडी, तिचा खऱ्या गाडीवर मोजलेला सीडी 0.28. मला तिचंच जास्त कौतुक आहे.

आता आपल्या दोघी. फियाट (म्हणजे पद्मिनीच, पण मुंबईत पद्मिनी कोण म्हणतं?) साधारण 1.46 मीटर रुंद, 1.47 उंच. अ‍ॅम्बेसेडर 1.66 आणि 1.60. रुंदी गुणिले उंची घेतली तर अ‍ॅम्बेसेडर वाऱ्याला सुमारे 24 टक्के जास्त अंग दाखवते. दोघींचा सीडी सारखा धरला तरी तेवढा जादा रोध पदरात पडतोच. लोड सेलवरही फियाटचा रोध कमी भरतो. गोलाई बघून अ‍ॅम्बेसेडरवर पैज लावणारे मित्र अजून मानत नाहीत.

गोलाईचा भरवसा धरायचाच नाही. बीटलचा सीडी 0.48च्या आसपास, आणि कारण तिच्या मॉडेलवर चिकटवलेल्या लोकरीच्या दोऱ्यांनी लगेच दाखवलं: छपरावर दोरे पाठीला चिकटून झोपलेले, मागच्या उतारावर मात्र सैरावैरा. उतार इतका तीव्र आहे की हवा अंग सोडते आणि मागे मोठी पोकळी ओढत नेते.

पुढचं काम गाडीच्या पोटाचं. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या खऱ्या फियाटखाली सायलेन्सर, अ‍ॅक्सल, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) सगळं उघडं. माझ्या मॉडेलखाली सपाट फळी. तारेचे तुकडे आणि आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून आधी फियाट, मग अ‍ॅम्बेसेडर पुन्हा मोजणार. कुणाकडे गाडी लिफ्टवर असताना खालून काढलेले फोटो असतील तर पाठवा, मला पाट्यांची जागा नक्की करायचीय.