कर्नाळा, जाता जाता

पनवेल सोडून पेणकडे निघालेल्या कुठल्याही गाडीत एक जण असतोच जो काचेतून बोट दाखवून म्हणतो, "तो बघ कर्नाळ्याचा अंगठा", म्हणजे कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका. मग दुसरा म्हणतो "एकदा जायला पाहिजे यार", तेवढ्यात खिंड संपते, पेणच्या पापडांचा विषय निघतो, अलिबागला जेवायला किती वाजतील यावर चर्चा सुरू होते आणि "एकदा जायला पाहिजे" तिथेच राहतं. माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत जी नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलीयेत, उत्तराखंडात जाऊन बर्फात तंबू ठोकून आलीयेत, पण घरापासून तासाभरावरचा कर्नाळा? राहिलाच ओ. जवळचा डोंगर असाच राहतो, लांबच्यासाठी आपण रजा टाकतो आणि जवळच्याला काय, कधीही जाऊ म्हणतो.

खरं तर हा नुसता किल्ला नाही. किल्ल्याभोवतीचं जंगल 1968 साली पक्षी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. क्षेत्रफळ आता, म्हणजे नंतर वाढवल्यावर, 12.11 चौरस किलोमीटर. ऐकायला बरं वाटतं, पण पनवेलच्याच अंगणात जे नवी मुंबईचं विमानतळ झालंय ना ते 1160 हेक्टरचं, म्हणजे खऱ्या पक्ष्यांना आणि लोखंडी पक्ष्यांना जागा जवळपास सारखीच. त्यात खऱ्या पक्ष्यांच्या वाट्याच्या जागेतून वर गोवा हायवेपण जातो.

गेटवरचा कार्यक्रम मला फार आवडतो. तिकीट काढलं की बॅगा उघडायला लावतात, पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, जे काय प्लॅस्टिक असेल ते मोजतात आणि डिपॉझिट घेतात, उतरल्यावर तेवढंच प्लॅस्टिक दाखवलं की पैसे परत. लोकांच्या बॅगा बघत उभं राहावं, दुसरी करमणूक नको. कॉलेजच्या पोरांच्या बॅगेतून बाटल्या संपता संपत नाहीत, मग चकलीचं पाकीट, मग बिस्किटं, मग अगदी तळाला ब्लूटूथ स्पीकर, आणि तो निघाला की पोरगा खाली मान घालून "काका हे बंदच आहे" म्हणतो. शेजारी एक काकू स्टीलच्या डब्यात थालीपीठ आणि तांब्याच्या बाटलीत पाणी घेऊन अशा ऐटीत आत जातात की गेटवरच्या माणसाने सॅल्यूट ठोकायचा बाकी. उतरताना एक पोरगा बघितला होता, त्याची एक बाटली कमी भरत होती, तर बाजूच्या झाडीत घुसून कुणीतरी टाकलेली, मातीने माखलेली बाटली शोधून आणली आणि हिशेब पुरा केला. पर्यावरणप्रेम वगैरे काही जागं झालं नव्हतं, डिपॉझिट जात होतं, पण बाटली तर जंगलाबाहेर आली ना! शाळेत घोषवाक्यं पाठ करून घेण्यापेक्षा हे बरं.

वर जायला दीडएक तास पुरतो. आत माणसांच्या दोन जाती दिसतात. एक ट्रेकवाले, ज्यांना वर पोचायचंय, आणि दुसरे दुर्बीणवाले, जे तासाभराने बघावं तर त्याच उंबराखाली उभे. मी पहिल्यांचे बूट घालून दुसऱ्यांच्या मागे रेंगाळतो. कारण चढ तसा घामट्याच आहे, मुळं, सुटे दगड, वारा नाही, दमट हवा. गंमत आहे ती डोक्यावर. हळद्याची ती पाणी सांडल्यासारखी शीळ येते, तांबट कुठेतरी टुक् टुक् करत असतो, आणि भृंगराज नावाचा एक महाबिलंदर पक्षी आहे, काळा कुळकुळीत, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे झुपके, तो दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो. शिक्रा ओरडला म्हणून दुर्बीणवाले सगळे माना वर करून शोधतात आणि फांदीवर हा बसलेला असतो. या सगळ्याच्या पाठीमागे हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न, ते काही शेवटपर्यंत पाठ सोडत नाहीत. भृंगराज अजून हॉर्नची नक्कल कशी करत नाही याचंच नवल.

धारेवर आलं की एकदम मोकळं, मग कर्णाई देवीचं देऊळ, पायऱ्या, पडका दरवाजा आणि समोर थेट तो सुळका, बेसाल्टचा, सरळसोट. त्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली टाकी आहेत, भर उन्हात आत वाकलं तरी तोंडाला गारवा लागतो. वर बघितलं तर कड्याला लटकलेली आग्या मोहोळं, काळी, मोठाली, आणि नीट बघत राहिलं तर त्यांचा पृष्ठभाग हलताना दिसतो. म्हणून इथे धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा तर नकोच. किल्ल्यावर पोचल्या पोचल्या गर्जना द्यायची आपली सवय, इथे ती मनातल्या मनात द्यावी लागते. 1818 साली इंग्रज चालून आले तेव्हा इथले किल्लेदार होते वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा, आणि फडके जन्मले ते शिरढोण तर त्याच हायवेवर, पनवेलहून येताना लागतं. गाडीत त्याच्याकडेही कोण बघतं म्हणा. माथ्यावरून प्रबळगड, माथेरान, माणिकगड, हवा स्वच्छ असेल तर पार बंदराकडचं पाणी दिसतं.

पण खरं सांगू का, कर्नाळ्याचा राजा पावसाळ्यात येतो आणि तो किल्ल्यावर नसतो, खाली ओढ्याजवळ असतो. तिबोटी खंड्या. चिमणीएवढा जीव, पण केशरी, जांभळा, पिवळा, निळा सगळे रंग एकट्याने घेऊन बसलेला, चोच लालभडक. जूनच्या आसपास येतो, मातीच्या काठात बीळ खोदून अंडी घालतो आणि पिल्लांना सरडुली, खेकडे भरवतो. तेवढे दिवस हाताएवढ्या लेन्सा लावून माणसं रेनकोटात तासन् तास गप्प बसतात, डास चावतात तरी हूं का चूं नाही. एरवी हीच माणसं ऑफिसात दोन मिनिटं लिफ्ट आली नाही तर वैतागत असणार.

आम्ही यंदा जूनअखेर जायचं ठरवतोय. चढायचं नाही, ओढ्यापर्यंतच जायचं आणि बसायचं, घरी मात्र ट्रेकला चाललोय असंच सांगणार, नाहीतर खंड्या बघायला सकाळी पाचला उठतोस आणि दूध आणायला नाही, हे ऐकावं लागेल.