आईस्क्रीमचा कोन आणि काटकोन

दहावीची भूमिती शिकवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. सदाशिव पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत महत्त्वमापनाचं, म्हणजे घनफळं-पृष्ठफळं काढायचं, प्रकरण निघालं की कोणीतरी विचारतंच, "बाई, आईस्क्रीमचा कोन आणि काटकोनातला कोन एकच का हो?" बाकीची पोरं फिदीफिदी हसतात. मी हसत नाही, कारण हा प्रश्न मलाही पडला होता आणि विचारायचं धाडस झालं नव्हतं. परवा तर एका मुलाच्या आईनंही फोनवर हेच विचारलं. म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

एक नाहीत. काटकोनातला कोन आपला घरचा, संस्कृत 'कोण'वरून आलेला. त्रिकोणात त्याचा ण अजून शाबूत आहे, चौकोनात न झाला. आईस्क्रीमचा, मेंदीचा आणि रस्ता खणला की भोवती मांडतात तो नारिंगी कोन इंग्रजीतून आला. इंग्रजांनी तो फ्रेंच-लॅटिनकडून घेतला, लॅटिननं ग्रीकांकडून. ग्रीक 'कोनोस' म्हणजे मुळात पाइनच्या झाडाचं ते खवल्याखवल्यांचं लाकडी फळ. मुलांचा भोवराही कोनोसच आणि शिरस्त्राणाचं टोकही. म्हणजे झाडावरचं फळ आधी, भूमितीतली आकृती नंतर. अशी फळं धरणारी झाडं ती 'कॉनिफर', शब्दशः कोन वाहणारी. आपल्या भूगोलाच्या पुस्तकानं मात्र फळाकडे न बघता पानांकडे बघितलं आणि त्यांना सूचिपर्णी म्हटलं.

इंग्रजीत 'पाइनॲपल' हे आधी याच लाकडी फळाचं नाव होतं. ॲपल म्हणजे तेव्हा कुठलंही फळ. पुढे सतराव्या शतकात अमेरिकेतून आलेलं एक काटेरी फळ तसंच दिसतं म्हणून नाव त्याला चिकटलं. आपण पोर्तुगीजांकडून अननस घेतला, तो दक्षिण अमेरिकेतल्या तुपी लोकांचा शब्द. इथे आपण इंग्रजांपेक्षा शहाणे ठरलो, असं मी वर्गात दर वर्षी म्हणते.

मग आपला शंकू? संस्कृतात शंकू म्हणजे खुंटी, मेख. जमिनीत उभी रोवून सावलीवरून वेळ मोजायची ती काठीही शंकूच. भास्कराचार्यांच्या लीलावतीत या टोकदार आकाराला 'सूची' म्हटलंय, म्हणजे सुई, आणि त्याचं घनफळ तेवढ्याच पायाच्या, तेवढ्याच उंचीच्या सरळ खड्ड्याच्या एक तृतीयांश, हेही तिथेच आहे. शंकूचं टोक कापलं की शंकूछेद, म्हणजे आपली बादली. त्याला इंग्रजीत 'फ्रस्टम' म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसता तुकडा. अर्धा वर्ग 'फ्रस्ट्रम' म्हणतो, आणि त्यातल्या गणितांकडे बघता ते अगदीच चूक वाटत नाही.

खरी गंमत शंकू तिरका कापल्यावर. पर्गाच्या अपोलोनियस या ग्रीक गणितज्ञानं, ख्रिस्तपूर्व 200च्या आसपास, या छेदांना नावं दिली ती क्षेत्रफळांच्या हिशोबावरून. एक क्षेत्र दुसऱ्याला लावून बघायचं: कमी पडलं तर एलिप्स, वर उरलं तर हायपरबोला, बरोब्बर बसलं तर पॅराबोला. भाषेतही तेच शब्द. वाक्यातला शब्द गाळून ठेवले जाणारे तीन टिंब ते 'एलिप्सिस', आणि 'हायपरबोली' म्हणजे अतिशयोक्ती. पॅराबोलाचा प्रवास सगळ्यात लांबचा. शेजारी ठेवणं म्हणजे तुलना, तुलनेतून दृष्टान्तकथा, मग लॅटिनमध्ये नुसतं बोलणं, त्यावरून फ्रेंच 'पार्ले', आणि त्यातून पार्लमेंट. वर्गाला आम्ही नारायणगावजवळच्या खोडदला रेडिओ दुर्बीण बघायला नेलं होतं. तिथल्या 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या अन्वस्ताच्या, म्हणजे पॅराबोलाच्या, आकाराच्या. त्यांचं आणि संसदेचं नातं सांगितल्यावर एकजण म्हणाला, "म्हणजे दोन्हीकडे ऐकायलाच बसायचं."

आणि सारखे दिसणारे दोन कोन परके असले, तरी न दिसणारे नातेवाईक बरेच आहेत. इंग्लंडमध्ये आईस्क्रीमच्या कोनाला 'कॉर्नेट' म्हणतात, छोटं शिंग. लॅटिन 'कॉर्नू', आपलं शृंग आणि इंग्रजी हॉर्न एकाच घरातले. आपण ऐटीत सांगतो तो 'कॉर्नरचा फ्लॅट', त्यातला कॉर्नरही त्याच शिंगाचा. पेंटॅगॉनमधला 'गॉन' ग्रीक कोपऱ्यावरून आला, तो कोपरा बहुधा गुडघ्यावरून, आणि तो गुडघा म्हणजे आपल्या आजानुबाहूतला जानु.

काही भाषाशास्त्रज्ञ तर कोनोसची नाळ 'धार लावणं' अशा अर्थाच्या एका जुन्या धातूशी, म्हणजे शब्दाच्या मुळाशी, जोडतात. सगळ्यांना ते पटत नाही. पण पटलं, तर संस्कृत 'शाण', म्हणजे धारेचा दगड, त्याचा भाऊबंद होतो. शाणवरून आपली सहाण. हे वाचलं त्या संध्याकाळी मी देवघरात जाऊन सासूबाईंना उत्साहानं म्हटलं, "आई, ही सहाण आहे ना, ती आईस्क्रीमच्या कोनाची चुलत बहीण निघाली."

त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "असेल," म्हणाल्या, "पण आधी तिच्यावरचं सकाळचं गंध धुऊन ठेव."