सत्तर खुर्च्या आणि एक झांज

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी मी नको तिथे टाळ्या वाजवल्या आणि पुढचे आठ महिने दर मंगळवारी खुर्च्या उचलल्या. दोन्हींचा संबंध आहे. सांगतो.

ऑफिसच्या कामासाठी मला सप्टेंबर ते जुलै केंब्रिजमध्ये राहायचं होतं. मॅसॅच्युसेट्समधलं केंब्रिज, चार्ल्स नदीच्या एका काठावर. समोरच्या काठावर बॉस्टन. माझ्या खोलीजवळच्या पोर्टर स्टेशनावर फिचबर्ग लाइनची लोकल थांबायची. वॉल्थम, लिंकन, कॉन्कर्ड करत ती पश्चिमेला जाते आणि वाटेत एका ठिकाणी वॉल्डन तळ्याला अगदी लगटून पळते. पानगळीचे रंग बघावेत म्हणून त्या शनिवारी गाडीत बसलो आणि मनात आलं त्या स्टेशनावर उतरलो. गावाचं नाव सांगत नाही, पुढे ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ती माणसं प्रसिद्धीला बिचकणारी आहेत. वाचनालयाच्या काचेवर एक कागद डकवलेला होता: आज संध्याकाळी, शाळेच्या सभागृहात, चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी. चायकोव्हस्की हा रशियन संगीतकार; सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठी लिहिलेली, भागाभागांची मोठी रचना.

कम्युनिटी ऑर्केस्ट्रा म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आपल्या हौशी नाट्यसंस्था डोळ्यांसमोर आणा. कंडक्टरला मानधन मिळतं. बासून किंवा हॉर्न अशा फुंकून वाजवायच्या वाद्याला माणूस कमी पडला तर एखादा व्यावसायिक वादक पैसे देऊन बोलावतात. बाकीचे सगळे दिवसभर दुसरंच काहीतरी करतात. शिक्षक, दंतवैद्य, प्रोग्रॅमर, निवृत्त मंडळी, आणि व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत कॉलेजची दोन पोरं. वादक स्वतःच वर्गणी भरतात आणि मध्यंतरात स्वतःच लॉटरीची तिकिटंही विकतात.

सुरुवातीला ओबो या फुंकवाद्याने ‘ए’ हा सूर लांबवर धरला. सेकंदाला 440 कंपनांचा. मग बाकीची वाद्यं त्याच्याशी जुळवून घेऊ लागली. तंबोरे लागताना अंगावर जसा काटा येतो तसा आला, मात्र इथे काम दोन मिनिटांत उरकलं.

या सिंफनीचा तिसरा भाग कवायतीसारखा ठेका धरून चढत जातो आणि अशा दणक्यात संपतो, की झालं, आता उठायचं. मी कडकडून टाळ्या वाजवल्या. खरं तर शेवटचा भाग संपेपर्यंत थांबायचं असतं. सोबतीला निम्मं सभागृह होतं, तेवढाच दिलासा. कंडक्टरने मागे वळून पाहिलं नाही, हात वरच ठेवले. टाळ्या विरल्यावर चौथा भाग सुरू झाला, संथ आणि खचलेला. त्यात एका जागी तालवाद्यांपाशी उभ्या असलेल्या एका पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी मोठ्या टांगत्या थाळीवर एकच हलका ठोका दिला. सबंध सिंफनीत त्या थाळीला एवढंच काम. 28 ऑक्टोबर 1893 रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये चायकोव्हस्कीने स्वतः ही सिंफनी पहिल्यांदा सादर केली आणि नऊ दिवसांनी तो गेला. हे वाचलेलं होतं, तरी तो ठोका ऐकेपर्यंत त्याचा अर्थ काही लागला नव्हता.

परतीच्या गाडीला बराच अवकाश होता. नुसतं उभं राहण्यापेक्षा खुर्च्या उचलायला लागलो. थाळीवाले गृहस्थही उचलत होते. पस्तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणू लागलो. तोंडावर सगळेच एकमेकांना एकेरी नावाने हाका मारतात. माझ्या जिभेला शेवटपर्यंत ते जमलं नाही. ते म्हणाले, “मंगळवारी तालीम असते. खुर्च्या मांडायला माणूस हवाय.”

अशी माझी नेमणूक झाली. साडेसातच्या तालमीसाठी पावणेसातला हजर. सत्तर खुर्च्या, अर्धवर्तुळात. तंतुवाद्यांसाठी दोघांत एक स्टँड. त्या जोडीत प्रेक्षकांपासून दूर बसलेल्याने पान उलटायचं, दुसऱ्याने वाजवत राहायचं. प्रत्येक स्टँडवर पेन्सिल हवीच. गज कुठे वर आणि कुठे खाली, हे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवरच्या बाई, ठरवणार आणि मागच्या सगळ्यांनी आपापल्या पानावर खुणा करायच्या. पेन चालत नाही, कारण पानं पुष्कळदा भाड्याची असतात आणि खोडून परत करावी लागतात. मला सगळ्यात गंमत वाटली ती गप्प बसणाऱ्यांची. ट्रॉम्बोनवाले पन्नास-साठ मात्रागट नुसते मोजत बसतात, ओठ हलवत, बोटं मिटत. आपल्याकडे तबलजीला समेची वाट बघावी लागते, पण तो वाजवता वाजवता बघतो. इथे हात बांधून वाट बघायची आणि नेमकं उतरायचं.

डिसेंबरचा कार्यक्रम नाताळच्या गाण्यांचा, दोनदा झाला, दोन्ही वेळा तुडुंब. मला लक्षात राहिली ती लेरॉय अँडरसनची ‘स्ले राइड’. घोड्याच्या टापा, चाबकाचा फटकारा आणि शेवटी ट्रम्पेटमधून घोड्याचं खिंकाळणं. अँडरसन जन्मला केंब्रिजमध्येच, 1908 साली. ही बर्फगाडीची सफर त्याला सुचली 1946 च्या जुलैत, उकाड्याने जीव नकोसा झालेला असताना; आणि बॉस्टन पॉप्स या वाद्यवृंदाने ती पहिल्यांदा वाजवली 1948 च्या मे महिन्यात. चाबूक आजोबांकडे होता. चाबूक म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या. त्या दिवशी ते फार खूश होते.

फेब्रुवारीचा कार्यक्रम बर्फाने गिळला. रस्ते बंद, शाळा बंद, म्हणून सभागृहही बंद. एका शाळकरी मुलीला चेलोवर एकल वाजवायचं होतं. ती तीन आठवड्यांनी वाजवू शकली, पण अर्ध्या रिकाम्या सभागृहापुढे. मला अजून वाईट वाटतं. त्या दिवसांत चेलोच्या पेटीत एक ओली रबरी नळी ठेवलेली पाहिली. घरातल्या हीटरने हवा इतकी कोरडी होते की लाकूड तडकतं.

मधल्या काळात बॉस्टनचा सिंफनी हॉलही पाहिला. 1900 साली उघडलेला. हार्वर्डच्या वॉलेस सेबिन यांनी आवाज किती वेळ घुमेल याचं गणित आधी मांडलं आणि मग तो बांधला गेला. रंगमंचावरच्या पाट्यांपैकी फक्त एकीवर नाव कोरलंय, बेटोव्हनचं. वादन निर्दोष. पण वादकांतला एकही माणूस माझ्या ओळखीचा नव्हता, आणि तेवढ्यात मला शाळेतल्या सभागृहाची सवय लागलेली होती. बॉस्टनला डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांचाही एक ऑर्केस्ट्रा आहे, लाँगवुड सिंफनी, 1982 पासूनचा. तिथे जायचं राहूनच गेलं.

मार्चमध्ये मुलांसाठी प्रोकोफिएव्हची ‘पीटर अँड द वुल्फ’ ही संगीतकथा झाली. बासरी म्हणजे पक्षी, ओबो म्हणजे बदक, बासून म्हणजे पीटरचे आजोबा आणि तीन हॉर्न मिळून लांडगा. नंतर मुलांना वाद्यं हाताळू देतात. चार वर्षांच्या एका मुलीने हॉर्नमधून पहिल्या फुंकरीला आवाज काढला. मी पाच मिनिटं फुंकत होतो, नुसती हवा.

मे महिन्यात ड्वोर्झाकची नववी सिंफनी. तीही 1893 ची. तो न्यूयॉर्कच्या संगीतशाळेचा संचालक असताना लिहिलेली आणि त्याच डिसेंबरात कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजलेली. दुसऱ्या भागातली इंग्लिश हॉर्नची धून सगळ्यांना ठाऊक असते. पण मी नजर ठेवून होतो झांजेवर. पाऊण तासाच्या या सिंफनीत झांज एकदाच वाजते, चौथ्या भागात, तीही मध्यम आवाजात. तिसऱ्या भागातला ट्रायँगल दुसऱ्या बाईंकडे होता. म्हणजे आजोबांना अर्ध्या तासाहून जास्त वेळ बसून राहायचं, मग उठायचं, एक ठोका द्यायचा आणि परत बसायचं.

रंगीत तालमीत तो ठोका चुकला. तेवढ्यात माझ्या हातून एक खुर्ची पडली होती आणि आजोबांनी वळून पाहिलं. बोटं मोजायची थांबली. जागा निघून गेली. कंडक्टरच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, त्यांनी वाद्यवृंद थांबवला नाही. आजोबा मात्र गाडीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, “खुर्ची तुझी. मोजणं माझं.”

कार्यक्रमाच्या दिवशी मी विंगेत दोन्ही हात खिशात घालून उभा राहिलो. चौथा भाग सुरू झाला, पितळी वाद्यांनी तो प्रसिद्ध घोष दिला. आजोबा उठले. झांज एकमेकींवरून घसरली, ‘त्सऽ’ असा आवाज आला आणि बाकीच्या गदारोळात मिसळून गेला. माझ्या शेजारच्या मुलाने विचारलं, “काही वाजलं का?”

जूनच्या अखेरीला हंगामाचा शेवट गावच्या हिरवळीवर, उघड्यावर होतो. वारा होता, म्हणून पानं उडू नयेत यासाठी प्रत्येक स्टँडला कपडे वाळत घालायचे चिमटे. शेवटी चायकोव्हस्कीचं ‘1812’. नेपोलियनच्या पराभवावरचं हे रशियन संगीत अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला चिकटलं ते बॉस्टनमुळे: 1974 साली बॉस्टन पॉप्सचे कंडक्टर आर्थर फीडलर यांनी चार्ल्सच्या काठावर 4 जुलैला ते तोफांसकट वाजवलं. मूळ संहितेत तोफेचे सोळा बार लिहिलेले आहेत. आमच्याकडे तोफ कुठली? सगळ्यात मोठा ढोल होता, आणि तो आजोबांच्या हातात.

हंगामभर एकेका ठोक्यावर काढलेल्या माणसाने त्या संध्याकाळी कोट काढून बाह्या सरसावल्या. समोरची कुत्री भुंकायला लागली, एक तान्हं बाळ रडायला लागलं, दोन चिमटे उडाले.

अंधारात आम्ही खुर्च्या गाडीत चढवत होतो. मी ठोके मोजले होते, पंधरा भरले. आजोबा म्हणाले, सोळा. सत्तरावी खुर्ची चढेपर्यंत आमचा वाद मिटला नव्हता.