आबांची सुई आणि फुईने सांगितलेली ॲलर्जी

मार्चमध्ये कापूस संपला, पऱ्हाटी कापून झाली, आणि आबा त्याच वावरात अनवाणी फिरायला गेले. खुंट तळपायात घुसला पण कळलंच नाही, कारण शुगर १२ वर्षांची, पायाला मुंग्या येऊन येऊन संवेदनाच गेलेली. रात्री आईला चादरीवर रक्त दिसलं तेव्हा समजलं. गावातच कोणाकडून तरी ३ दिवस सुया घेतल्या, कोणती सुई ते कोणालाच माहीत नाही, चिठ्ठीपण नाही. चौथ्या दिवशी पाय घोट्यापर्यंत लाल, गरम, आणि थंडी वाजून ताप. मग अमळनेरहून गाडी केली आणि धुळ्याला गाठलं.

तिथे डॉक्टरांनी जखम उघडली, पू काढला, त्यातला नमुना कल्चरला (जंतू वाढवून कोणता ते ओळखायच्या तपासणीला) पाठवला आणि मगच अँटिबायोटिक सुरू करायचं म्हटले. आधी मला वाटलं एवढा ताप आहे तर लगेच सुई द्या ना, पण त्यांनी समजावलं की औषध आधी गेलं तर कोणता जंतू आहे ते रिपोर्टमध्ये नीट येत नाही, गावातल्या त्या ३ सुयांनी आधीच थोडा घोळ केला असेल. (मात्र रक्तात जंतू पसरून पेशंट फारच सिरियस असेल तर नमुन्यासाठी औषध अडवून ठेवत नाहीत, हेपण त्यांनीच सांगितलं.)

सुरू करायचं होतं पिपरासिलिन टॅझोबॅक्टम. हे पेनिसिलिनच्या घराण्यातलंच, पिपरासिलिन जंतूची भिंत बांधू देत नाही म्हणून जंतू फुटतो, आणि पेनिसिलिन तोडणारं जे एन्झाइम काही जंतू बनवतात त्याला टॅझोबॅक्टम अडवतं. ४ ग्रॅम आणि अर्धा ग्रॅम, म्हणून बाटलीवर ४.५ लिहिलेलं असतं. सिस्टर ट्रे घेऊन आली, विचारलं "कशाची ॲलर्जी?" आणि मी नाही म्हणणार तेवढ्यात मागून फुई (आत्या) बोलली, "याले पेनिसिलिन चालत नही, लिखी ल्या."

सिस्टरने ट्रे तसाच खाली ठेवला. मला धस्स झालं.

डॉक्टर परत आले आणि फुईजवळ स्टूल ओढून बसले. काय झालं होतं? कधी? गोळी की सुई? घेतल्यावर किती वेळाने? अंगावर पित्त उठलं का, ओठ-डोळे सुजले का, दम लागला का, चक्कर येऊन पडले का? फुई आठवून आठवून सांगत होती. निघालं असं की तरुणपणी दवाखान्यातून कॅप्सूल आणल्या आणि ४-५ जुलाब झाले, तेव्हापासून घरात "पेनिसिलिन चालत नाही" पक्कं झालेलं. मग आईला आठवलं की २ वर्षांपूर्वी दाढ काढली तेव्हा आबांनी ५ दिवस अमॉक्सिसिलिन क्लॅव्हुलॅनिकची गोळी घेतली होती, काहीच झालं नव्हतं, तीपण पेनिसिलिनचीच जात. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ते म्हणाले, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगणाऱ्या १० जणांतल्या सुमारे ९ जणांना तपासलं तर ती निघत नाही, आणि जुलाब हा साइड इफेक्ट आहे, ॲलर्जी नाही. पण ज्या एकाला खरंच आहे त्याचा जीव जाऊ शकतो, म्हणून विचारल्याशिवाय एक थेंबही नाही. फुईला ते म्हणाले, "तुम्ही बोललात हे फार चांगलं केलं." मलाही अगदी तसंच वाटतं. ती गप्प बसली असती आणि आबांना पूर्वी खरंच पित्त उठून दम लागलेला असता तर?

हातावर टेस्ट डोस झाला तरी पहिली बाटली सिस्टरने जवळ उभं राहून दिली, कारण टेस्ट साफ आली म्हणजे १०० टक्के खात्री नाही. ट्रेमध्ये ॲड्रेनलिन काढून ठेवलेलं, खाज, पित्त, घशात आवळल्यासारखं, दम असं काही झालं तर बाटली लगेच बंद आणि ॲड्रेनलिन मांडीत. आबांना म्हटलं, काहीही वाटलं तरी सांगायचं, सहन करायचं नाही. आपल्याकडची जुनी माणसं सहनच करतात हो, हीच खरी भीती.

औषध १०० मिली सलाईनमध्ये घालून अर्ध्या तासात, दर ८ तासांनी. सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. शेजारच्या बेडवरच्या नातेवाइकाने लवकर संपावं म्हणून त्यांच्या पेशंटच्या बाटलीचं चाक मोकळं सोडलं, सिस्टर धावत आली. कृपया त्या चाकाला हात लावू नका, वेग ठरवून दिलेला असतो. आणि वेळ टळू देऊ नका, कारण हे औषध शरीरात टिकत नाही, तासाभरात अर्धं होतं आणि बरंचसं लघवीतून निघून जातं. १९४१ साली ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलिन दिलं तेव्हा साठा इतका कमी होता की त्याच्या लघवीतून औषध परत काढून त्यालाच दिलं. तो सुधारत होता, पण औषध संपलं, इन्फेक्शन उलटलं आणि तो गेला. हे वाचलं तेव्हा क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) का तपासतात तेही कळलं, किडनी मंद असेल तर औषध आत साचतं म्हणून डोस कमी करावा लागतो, नाहीतर झटकेसुद्धा येऊ शकतात. आबांचं १.१ आलं, डोस पूर्णच राहिला.

घरच्या गोळ्यांची पिशवी आम्ही नेली होती तेही कामाला आलं. रक्त पातळ करायची गोळी, सांधेदुखीची मेथोट्रेक्सेट असली काही चालू असेल तर सांगावंच लागतं. या औषधात मीठ म्हणजे सोडियमपण असतं, हार्टच्या पेशंटला ते मोजतात. आणि जेंटामायसिन, अमिकासिन त्याच बाटलीत टाकत नाहीत, एकत्र केलं की त्यांची ताकद जाते.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि आबा सुरू, "आते घर चाला, माले बरं वाटी ऱ्हायनं." मी त्यांना त्या पोलिसाची गोष्ट सांगितली. ऐकून घेतली, काही बोलले नाहीत, पण राहिले. त्याच संध्याकाळी इंट्राकॅथच्या (शिरेत बसवलेल्या सलाईनच्या नळीच्या) जागी हात लाल, टणक झाला, सांगितल्यावर सिस्टरने लगेच दुसऱ्या हाताला लावलं. जुलाब दिवसात किती होतात तेपण आई मोजत होती, कारण अँटिबायोटिकने आतड्यात वेगळंच इन्फेक्शन होऊ शकतं आणि ते औषध बंद केल्यावरही काही आठवडे होऊ शकतं.

सहाव्या दिवशी रिपोर्ट बघून डॉक्टरांनी सुई बंद केली आणि गोळी दिली. मोठं औषध गरज नसताना पुढे चालवलं तर जंतू त्यालाही दाद देईनासे होतात, म्हणून. पाय वाचला, एक बोटही गेलं नाही. ड्रेसिंग महिनाभर चाललं.

घरी आल्यावर मी एका जाड कागदावर आबांचं सगळं लिहिलं: शुगर, गोळ्या, क्रिएटिनिन, आणि "पेनिसिलिन चालतं, तरुणपणी फक्त जुलाब". लॅमिनेशन करून त्यांच्या बंडीच्या खिशात ठेवलं. आई शेजारी बसून बघत होती. मग हळूच म्हणाली की तिला लग्नानंतर सल्फाच्या गोळीने अंगभर फोड आले होते, तोंडातसुद्धा, ८ दिवस पाणी गिळता येत नव्हतं. ३५ वर्षांत हे आम्हाला माहीतच नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं ना, म्हणाली. दुसरा कागद तिथेच लिहायला घेतला.