वाक्य पुरं होऊ द्या

आपल्या बेळगावच्या मराठी शाळेच्या महोत्सव समितीने शाळेविषयी लिहायला सांगितलं आहे, मी लिहिणार आहे कन्नडच्या बाईंविषयी. त्यांचं नाव सांगायची गरज नाही.

वडील बेळगावातल्या शहापूरचे मराठी, आई गोकाककडची. त्यामुळे गल्लीत मी 'कानडी आईची' आणि आजोळी 'मराठ्यांची पोर'. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तेव्हापासून इथे या दोन भाषांमध्ये काय साचलंय ते तुम्ही जाणताच. बंदच्या दिवशी रस्त्यात आईला हाक मारतानाही मी आधी आजूबाजूला बघायची. कन्नड येत असूनही वर्गात गप्प बसायची.

सातवीत प्रगतिपुस्तकावर सही करायला आईचे वडील आले. धोतर, पटका, मराठीचा गंध नाही. गणिताच्या सरांना कन्नड येत नव्हतं. बाईंनी स्वतः सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम, त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं आणि म्हणाल्या, "अज्जांचं सरांना तू सांग." अज्जा सावकाश बोलू लागले : जत्रा, सुगी, पोरीला गावाकडं नेणं... सर मध्येच चिडले, "म्हणजे शाळा बुडवणार?" बाई म्हणाल्या, "थांबा सर, त्यांचं वाक्य पुरं होऊ द्या. हो की नाही ते शेवटी येतं." शेवटी आलं, "ओय्यंगिल्ल", नेणार नाही. पोरीचं शिक्षण आधी, असं अज्जांना सांगायचं होतं. मग बाईंनी त्यांना खुर्ची दिली, कपबशीतून चहा दिला, आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "या मुलीची दोन घरं आहेत. भाग्यवान आहे." त्या दिवसापासून मी बाजारातसुद्धा आईशी मोठ्याने कन्नड बोलू लागले.

पुढे पुण्यात जपानी शिकले. परदेशी शिक्षकांना बोलावणाऱ्या जपानच्या जेट योजनेतून तिथल्या शिझुओका प्रांतात इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून आले आणि इथेच राहिले. सध्या हामामात्सुत शिकवते. जपानीतही क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही शेपटाला : 'इकिमास' म्हणजे जातो, 'इकिमासेन' म्हणजे जात नाही. सोबतचे अमेरिकन, ब्रिटिश शिक्षक वाक्याच्या मध्येच अडायचे; मला शेवटापर्यंत थांबायची सवय होती. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची सर्वांत वरची एन१ पातळी पार केली, तेव्हा आईनंतर पहिला फोन बाईंना केला.

१९९० मध्ये इथला स्थलांतराचा कायदा बदलला आणि ब्राझीलमध्ये स्थायिक झालेल्या जपान्यांची मुलं-नातवंडं या भागातल्या कारखान्यांत कामाला आली. त्यांच्या पोरांच्या घरात पोर्तुगीज, शाळेत जपानी. पालकसभेला एखादं पोर आईसाठी दुभाष्या होऊन बसतं, खाली मान घालून. मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसते आणि कोणालाही त्याला घाई करू देत नाही.

आपल्या शाळेत आता वर्ग ओस पडत चाललेत, असं ऐकते. इंग्रजी माध्यमाच्या बसगाड्या आपल्याच दारावरून मुलं घेऊन जातात. फार वाईट वाटतं. दोन भाषा अशा मायेने एका छपराखाली नांदवणाऱ्या बाई त्या मुलांना कुठे भेटणार?

बाई आता धारवाडला मुलाकडे असतात, गुडघ्यांमुळे बसने येणं जमत नाही. महोत्सवाला त्यांना आणण्या-पोचवण्याची गाडी माझ्याकडून. समितीने त्यांना व्यासपीठावर बसवावं आणि त्यांच्या भाषणाला वेळेची अट घालू नये.