टाळ्या वाजवल्या, पण...

आज जळगावला घरी आईसोबत ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ (२०१८) पाहिला. मराठी रंगभूमीवरच्या या गाजलेल्या नटाची गोष्ट. घाणेकर झालेल्या सुबोध भावेचा लाल्या (‘अश्रूंची झाली फुले’ नाटकातली भूमिका) आला आणि अंगावर काटाच आला. हा दातांचा डॉक्टर नाटकात संभाजी म्हणून उभा राहतो, सगळं नाट्यगृह दुमदुमतं. मीही घरात बसून टाळ्या वाजवल्या. पण ती दारू, तो माज, आणि एकटी पडत गेलेली पडद्यावरची त्याची बायको इरावती? घास तोंडातच राहिला. शेवभाजी वाढता वाढता आई अहिराणीत एवढंच म्हणाली, "पन तिनं काय?" म्हणजे, पण तिचं काय?

सिनेमा त्याचे दोष झाकत नाही, हे खरंच आवडलं. तरी कॅमेरा त्याच्यावरच भाळलेला वाटला. मीसुद्धा भाळले, त्याचाच त्रास होतोय. भाजी गार झाली, आई अजून इरावतीबद्दलच बोलतेय.