हाई बाई रडी ऱ्हायनी का?

'बिग थीफ' या अमेरिकन बँडचा नवा अल्बम आला ५ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी. अमळनेरात आमच्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना मंडळं. कानात इअरफोन कोंबून 'डबल इन्फिनिटी' लावला आणि तिसऱ्या गाण्यालाच बंद केला. त्यांची गायिका एड्रिअन लेंकर, तिच्या आवाजाखाली डीजे धडधडत होता, आणि मला ज्या बासची सवय तो अल्बममध्ये नव्हताच. तो वाजवणारा मॅक्स २०२४ मध्येच बँडमधून बाहेर पडला, हे माहीत होतं. तरी राग आला. २०२२ च्या अल्बमात वीस गाणी होती, यात नऊ. म्हटलं, चौघांचे तिघे झाले, घर बसलं.

सोमवारी जळगावला कामावर जाताना गाडीत पुन्हा लावला. धरणगाव गेलं, पाळधी गेलं, बाहेर कपाशी, आणि शेवटून दुसरं गाणं माझ्या कानात चौथ्यांदा. शब्द मोजकेच, तेच ते फिरून फिरून. कंटाळा यायला हवा होता. पण ही चाल मला ओळखीची वाटायला लागली. आमच्याकडे खानदेशात कानबाईच्या, म्हणजे आमच्या देवीच्या, रात्री बायका गायला बसतात तेव्हा असंच होतं. एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी झेलायची, आणि दहाव्या खेपेला त्या ओळीत पहिल्या खेपेला नसलेलं काहीतरी येतं. कोणाचा सूर खाली जातो, कोणाला खोकला येतो, गाणं थांबत नाही.

नंतर वाचलं तर रेकॉर्डिंगही तसंच. न्यूयॉर्कमधला स्टुडिओ, ऐन थंडीचे तीन आठवडे. हे तिघं ब्रुकलिनहून सायकलवर यायचे, आणखी वादक जमायचे, आणि सगळे मिळून एकदमच वाजवायचे, दिवसाला नऊ नऊ तास. त्यांत ऐंशी ओलांडलेला लाराजी. तो वाजवतो ते झिदर, आपल्या स्वरमंडळाच्या नात्यातलं. एका गाण्यात तर तो नुसताच गळा मोकळा सोडतो, शब्दाविना. (माझं ते सगळ्यात आवडतं. गाडीत आधी हेच अर्ध्यात बंद केलं होतं, लिहायला लाज वाटते.)

पहिल्या गाण्यात लेंकर तेहतिशीला टेकलीय, केस पांढरे होतायत, आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नाही. माझ्या कानामागच्या बटेवरून आई दर रविवारी मेंदी भिजवायला निघते. हे गाणं मी तिला ऐकवलेलं नाही.

आजीला मात्र ऐकवलं. ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. लाराजीवालं गाणं लावून एक इअरफोन तिच्या कानात घातला. लेंकरचा आवाज चिरकला तशी तिने हात थांबवला.

"हाई बाई रडी ऱ्हायनी का गाई ऱ्हायनी वं?"

म्हटलं, दोन्ही. तिने मान हलवली, पुन्हा शेंग उचलली. इअरफोन मागितला तर देईना.




"सरू दे ना," म्हणाली.